विमानात जागा वाढल्या. आमच्या जागा कुठे आहेत?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विमान कंपन्यांचे हिवाळी वेळापत्रक लागू होते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी. ही अदलाबदल जवळ आली की नागपूरच्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. अमुक शहरासाठी एक फेरी वाढली, तमुक मार्गावर लहान विमानाऐवजी मोठे विमान येणार, नागपूरकरांना रोज इतक्या जागा जास्त मिळणार. व्यापाऱ्यांच्या संघटना स्वागत करतात, पुढारी श्रेय घेतात, आणि विदर्भाच्या विकासाने भरारी घेतली असे मथळे झळकतात. आमचा या बातमीला विरोध नाही. आमचीही मुले आज पुण्या-बंगळुरूला नोकरीला आहेत, परदेशात शिकत आहेत. त्यांना घरी यायला विमानात जागा मिळत असेल तर ती हवीच आहे. परंतु 'जागा' हा शब्द मराठीत फक्त बसण्याच्या खुर्चीपुरता नाही. नोकरीची असते ती जागा, आणि पायाखालची जमीन असते तीही जागाच. विमानातील जागा मोजणाऱ्यांनी या दोन जागांचाही हिशेब द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.

ज्या विमानतळाबद्दल आम्ही बोलत आहोत त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे आहे. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब माईसाहेब आणि नानकचंद रत्तू यांच्यासह दिल्लीहून विमानाने नागपूरला उतरले. तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर जे घडले ते जगाला माहीत आहे. त्या दिवसासाठी जे लाखो लोक आले ते मात्र विमानाने आले नव्हते. कोणी रेल्वेने आले, कोणी बैलगाडीने, कोणी भाकरीचे गाठोडे बांधून पायी. २००५ साली सोनेगावच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव दिले गेले तेव्हा समाजाला आनंद झाला, आणि तो होणे रास्तच होते. पण नाव पाटीवर लागले म्हणजे विचार आत गेला असे होत नाही. त्या पाटीखालून रोज हजारो प्रवासी आत जातात. त्या दारातून नोकरीसाठी आत जाणाऱ्यांत आमचे किती, हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला?

आधी आसनक्षमता कशी वाढते ते समजून घेऊ. इंडिगो ही देशातील सर्वांत मोठी विमान कंपनी आहे आणि नागपुरातही तिचाच जोर आहे. तिच्या ताफ्यातील एटीआर या पंख्याच्या लहान विमानात ७८ जागा असतात. एअरबस ए-३२० जातीच्या विमानात १८० किंवा १८६. एखाद्या मार्गावर एटीआर काढून १८६ जागांचे एअरबस लावले की एका खेपेला १०८ जागा वाढतात. जाऊन-येऊन २१६. रोजची एक फेरी धरली तर वर्षाला ७८ हजार ८४० जागा. नवी धावपट्टी लागत नाही, नवी इमारत लागत नाही. फक्त विमान बदलले, आणि बातमी तयार झाली.

आता नोकरीच्या जागा मोजा. नियम असा आहे की प्रत्येक ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी असला पाहिजे. म्हणजे एटीआरमध्ये दोन, एअरबसमध्ये चार. वैमानिक दोन्हीकडे दोनच. थोडक्यात, प्रवाशांच्या १०८ जागा वाढल्या तेव्हा विमानातील नोकरीच्या दोन जागा वाढल्या. त्या दोघांचीही नेमणूक बहुधा मोठ्या शहरातल्या तळावरची असते. विमानासोबत ते येतात आणि पुढच्या खेपेला विमानासोबत निघून जातात. नागपूरच्या वाट्याला उरते ते जमिनीवरचे काम. सामान चढवणे-उतरवणे, शिडी लावणे, व्हीलचेअर ढकलणे, पुढच्या उड्डाणाआधी मिळालेल्या थोड्या मिनिटांत विमान झाडून-पुसून काढणे. ही कामे कंत्राटावर चालतात. त्या कंत्राटी सफाईच्या कामात कोणत्या वस्त्यांतली माणसे दिसतात हे आम्ही आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. झाडू हातात देताना या देशात कोणी गुणवत्तेचा प्रश्न काढत नाही.

या कंत्राटी जागांसाठीही काय हाल होतात ते १६ जुलै २०२४ रोजी मुंबईत कालिना येथे सर्वांनी पाहिले. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने सामान वाहणाऱ्या व तत्सम कामांच्या सुमारे २,२०० जागांसाठी उमेदवारांना थेट बोलावले होते. हजारो तरुण उलटले. अर्ज देण्यासाठी रेटारेटी झाली, शेवटी अर्ज ठेवून घरी जा असे सांगावे लागले. त्यांत पदवीधर होते, गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेले होते. विमानात बसण्यासाठी ही गर्दी नव्हती. विमानात सामान चढवण्यासाठी होती.

ही वेळ कशी आली? १९५३ साली कायदा करून देशातील हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या सरकारी कंपन्या होत्या, म्हणून त्यांना आरक्षणाचे धोरण बंधनकारक होते. तिकीट खिडकीपासून हँगरपर्यंत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना हक्काची वाट होती. बिंदुनामावली होती, अनुशेष मोजला जात होता, तक्रार करायला आयोग होता. अंमलबजावणीत चोरी होत होती हे आम्ही जाणतो. पण चोरी झाली असे म्हणायला आधी हक्क असावा लागतो. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली. १८ हजार कोटींचा तो व्यवहार होता. त्यातले १५ हजार ३०० कोटी कर्जाच्या रूपाने आणि २ हजार ७०० कोटी रोख. कर्मचाऱ्यांना एक वर्ष कामावरून काढणार नाही अशी अट करारात होती. यापुढच्या भरतीत आरक्षण राहील अशी अट नव्हती. कोणत्याही सभागृहात आरक्षण रद्द करण्याचा ठराव झाला नाही, घटनेचे एकही कलम बदलले नाही, आणि तरीही एका संपूर्ण क्षेत्रातून आरक्षण गेले. आरक्षण असे जाते. ते काढून घेत नाहीत. ज्या घरात ते राहत होते ते घरच विकून टाकतात.

आमच्यावर लगेच आक्षेप येईल की विमानासारख्या धोक्याच्या क्षेत्रात आरक्षणाची भाषा करू नका, तिथे गुणवत्ताच हवी. या लोकांना आम्ही विचारतो, वैमानिकाचा परवाना कोणत्या जातीला सवलतीने मिळतो? व्यावसायिक परवान्यासाठी प्रत्येकाला २०० तासांचे उड्डाण करावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची लेखी परीक्षा सर्वांना एकच, वैद्यकीय तपासणी एकच, उत्तीर्ण होण्याची रेषा एकच. आरक्षण दारापर्यंत नेते, परवाना प्रत्येकजण स्वतः मिळवतो. खरी अडचण गुणवत्तेची नाही, पैशाची आहे. अमेठी जिल्ह्यात फुरसतगंज येथे केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. तिथे राखीव जागा आहेत. पण शिक्षणाचा खर्च ४० लाखांहून अधिक. ज्या बापाने आयुष्यभर विटा वाहिल्या त्याच्या मुलीने ही जागा जिंकली तरी शुल्क कुठून भरायचे? म्हणजे ज्याच्या घरात पैसा आहे त्याच्या मुलाला 'गुणवान' म्हणायचे आणि ज्याच्या घरात नाही त्याच्या मुलीला 'अपात्र'. या गुणवत्तेची आम्हाला जुनी ओळख आहे.

माणसांच्या जागा न वाढवता विमानातल्या जागा वाढवल्या की काय होते, याचा धडा डिसेंबर २०२५ मध्ये साऱ्या देशाने घेतला. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून नवे नियम आले होते. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या विमान उतरवण्यांवर मर्यादा आली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. हे नियम अचानक आलेले नव्हते. इंडिगोने मात्र त्याच हिवाळ्यात उड्डाणे आदल्या हिवाळ्यापेक्षा जवळपास १० टक्क्यांनी वाढवून घेतली आणि त्या प्रमाणात वैमानिक उभे केले नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सारा डोलारा कोसळला. ५ डिसेंबर या एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. इतर कंपन्यांचे भाडे इतके भडकले की ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनीच, केंद्र सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. नंतर कंपनीला १० टक्के उड्डाणे कमी करण्याचा आदेश झाला. वाढवलेले सारे परत गेले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की क्षमता विमानाची नसते, माणसांची असते. वैमानिक, अभियंता, केबिन कर्मचारी, भारवाहक, सफाई कामगार या साखळीतली एक कडी तुटली तर १८६ खुर्च्यांचे विमान म्हणजे धावपट्टीच्या कडेला उभे केलेले लोखंड. माणसे कमी पडत आहेत असे कंपन्याच सांगत असतील, तर या देशातील जी मुले-मुली संधीअभावी घरी बसली आहेत त्यांना प्रशिक्षण देऊन घ्यायला कोणी हात धरला आहे? दुसरी गोष्ट अशी की बाजार सर्व काही ठीक करतो म्हणणाऱ्यांनाच संकटात सरकार आठवले. देशातल्या दर दहा प्रवाशांपैकी सहाहून अधिक एकाच कंपनीच्या विमानात बसतात. अशा वेळी ती कंपनी खाजगी राहत नाही. ती सार्वजनिक सोयच होते. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे बाबासाहेबांनी मांडले होते. मोजक्या हातांत अर्थसत्ता गेली की राजकीय लोकशाही पोकळ होते हे त्यांनी ओळखले होते. डिसेंबरात विमानतळांवर रात्र काढलेल्या प्रवाशांना हे पुस्तक न वाचताही समजले असेल.

आता तिसऱ्या जागेकडे, म्हणजे जमिनीकडे वळू. विमान आकाशात उडते, पण विमानतळ जमिनीवर बांधावा लागतो. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली स्थापन झाली आणि मिहान प्रकल्पासाठी नागपूरच्या दक्षिणेकडील शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांच्या जमिनी लागल्या. चार हजार हेक्टरहून मोठा हा प्रकल्प. मोबदल्यासाठी, पुनर्वसनासाठी तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला निदान भांडायला कागद तरी होता. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या भूमिहीन मजुराला १८९४ च्या भूसंपादन कायद्याने मोजलेच नाही. त्याची मजुरी गेली, गावातला आधार गेला, आणि नुकसानभरपाईच्या यादीत त्याचे नाव नव्हते. शेतमजुरांच्या कुटुंबाला प्रकल्पबाधित मानणारा कायदा १ जानेवारी २०१४ पासून आला. मिहानच्या बहुतेक जमिनी त्याआधीच गेल्या होत्या. त्या जमिनीवर आज विमाने उतरतात. त्या मजुराच्या नातवाला तिथे कोणती जागा मिळाली, याचा हिशेब कोणत्या कार्यालयात ठेवला आहे?

आणि पैसा कोणाचा? लहान शहरांना हवाई मार्गाने जोडण्यासाठी केंद्राने २०१६ साली 'उडान' योजना आणली. २७ एप्रिल २०१७ पासून तिची विमाने उडू लागली. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल असे तेव्हा सांगितले गेले. साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा, तीही ठराविक जागांनाच. कंपनीला येणारी तूट भरून देण्यासाठी अनुदान, त्यात राज्याचा २० टक्के वाटा. शिवाय राज्याने विमानतळाला जमीन फुकट द्यायची, पोलीस व अग्निशमन फुकट द्यायचे, विमानाच्या इंधनावरील कर १ टक्क्यावर आणायचा. निवडलेल्या कंपनीला त्या मार्गावर तीन वर्षे मक्तेदारी. इतके देऊन काय झाले? ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आलेला महालेखापरीक्षकांचा अहवाल सांगतो की तपासलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली, आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकले केवळ ५४. आमच्या शेजारचे उदाहरण गोंदियाजवळच्या बिरसीचे. मार्च २०२२ मध्ये तिथे एका कंपनीची सेवा वाजतगाजत सुरू झाली, काही महिन्यांत बंद पडली. दुसऱ्या कंपनीचे विमान यायला डिसेंबर २०२३ उजाडला. मधल्या काळात ना धावपट्टी नाहीशी झाली होती, ना त्या धावपट्टीसाठी घर सोडलेली माणसे.

जमीन जनतेची, अनुदान जनतेचे, करसवलत जनतेच्या खिशातून. मग भरती करताना मात्र 'आम्ही खाजगी' असे म्हणण्याचा अधिकार कुठून येतो? शिष्यवृत्तीचे चार पैसे घेणाऱ्या विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्यापासून हजेरीपर्यंत वीस कागद मागणारे सरकार, कोट्यवधींची सवलत घेणाऱ्या कंपनीला सामाजिक न्यायाचा एकही कागद मागत नाही.

इथे आम्ही आमच्या वाचकांचे, विशेषतः वकील आणि कार्यकर्त्यांचे लक्ष एका कायद्याकडे वेधू इच्छितो. महाराष्ट्राचा लोकसेवांमधील आरक्षणाचा कायदा २००१ सालचा आहे आणि तो २९ जानेवारी २००४ पासून अमलात आहे. अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के ही टक्केवारी सर्वांना पाठ आहे. पण त्याच कायद्यातील 'आस्थापना' या शब्दाची व्याख्या फार थोड्यांनी वाचली आहे. शासनाचे भागभांडवल असलेल्या कंपन्या त्यात येतातच. त्याशिवाय, ज्या संस्थांना वा उद्योगांना शासनाने सवलतीच्या दराने जमीन दिली किंवा अन्य आर्थिक सवलती दिल्या, त्यांनाही या व्याख्येच्या स्पष्टीकरणाने शासन-साहाय्यित मानले आहे. विमान कंपनीला परवाना केंद्र देते, असा बचाव होईल. मान्य. पण मिहान इंडिया ही विमानतळ चालवण्यासाठी स्थापन झालेली कंपनी ५१ टक्के राज्याच्या कंपनीची आणि ४९ टक्के भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. मिहानमधील उद्योगांना जमीन देणारी कंपनी राज्याची. इंधनावरील कर राज्याचा. कायदा पुस्तकात आहे, सवलती प्रत्यक्षात आहेत; मध्ये फक्त इच्छाशक्ती नाही.

नागपूरचा विमानतळ खाजगी कंपनीला चालवायला देण्याचा वाद २०१९ पासून सुरू होता. निवड झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने कौल दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये शेवटची याचिकाही निकाली निघाली. या पाच वर्षांत महसुलातला वाटा किती टक्के असावा यावर भरपूर भांडण झाले. नोकऱ्यांतला वाटा किती टक्के असावा यावर कोणत्याही पक्षाने तोंड उघडले नाही. आमच्या मतांवर निवडून आलेल्यांनीही नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बाबासाहेबांच्या नावाच्या विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येक कंपनीने आणि कंत्राटदाराने आपल्या कर्मचाऱ्यांची प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी जाहीर करावी. राज्याची सवलत घेणाऱ्या प्रत्येक करारात २००१ च्या कायद्याची अट लिहावी. मिहानमध्ये जमीन गेलेल्यांबरोबरच मजुरी गेलेल्या कुटुंबांचीही यादी करून त्यांच्या मुलांना प्रशिक्षण आणि नोकरी द्यावी. राज्य सरकार राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी पाठवते, त्यांचे विमानाचे तिकीटही काढते. एका एअरबसमध्ये निम्म्याहून कमी जागा भरतील इतकीच ही मुले! ती संख्या वाढवावीच. त्याच धर्तीवर वैमानिक आणि विमान देखभाल अभियंता होऊ इच्छिणाऱ्यांसाठी संपूर्ण शुल्काची शिष्यवृत्ती सुरू करावी. शिष्यवृत्तीवर विमानात बसणारी आमची मुलगी उद्या विमान चालवणारीही झाली पाहिजे.

सरकारला जाब विचारताना आम्ही स्वतःलाही विचारले पाहिजे. नामांतरासाठी या समाजाने रक्त सांडले, घरे जळताना पाहिली. नावाचे मोल आमच्याइतके कोणाला कळणार? पण नाव मिळाल्यावर आम्ही त्या वास्तूकडे पाठ फिरवतो, ही आमची चूक आहे. विद्यापीठाच्या नावासाठी लढणाऱ्यांनी विद्यापीठातील रिक्त जागांचा अनुशेष किती काळ मोजला? विमानतळाच्या पाटीला १४ एप्रिलला हार घालणाऱ्यांनी आत जाऊन भरतीची जाहिरात कधी मागितली? पाटी स्वच्छ ठेवणे हे कंत्राटदाराचे काम आहे. आत आमची माणसे किती हे पाहणे चळवळीचे काम आहे.

पुढच्या वेळापत्रकाची बातमी येईल तेव्हा त्यात विमानातल्या वाढीव जागांचा आकडा असेलच. त्या दिवशी नागपुरातील प्रत्येक कार्यकर्त्याने माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज मिहान इंडिया आणि विमानतळ विकास कंपनीच्या टेबलावर ठेवावा, आणि त्यात एकच ओळ लिहावी : या विमानतळावर अनुसूचित जाती-जमातींची माणसे किती, कोणत्या पदावर, कायम की कंत्राटी? उत्तर आले तर ते आम्ही याच स्तंभात छापू. उत्तर आले नाही, तर तेही छापू.